टोफूची गाडी आणि बापाचा वारसा: हारुना ते हाकोने, सात दिवस

शुइची शिगेनो यांची 'इनिशिअल डी' ही मांगा (जपानी चित्रकथा) १९९५ पासून २०१३ पर्यंत 'यंग मॅगझिन' या साप्ताहिकात चालली आणि तिचे ४८ खंड निघाले. वरवर ती रात्रीच्या घाटात गाड्या पळवणाऱ्या पोरांची गोष्ट आहे. तिच्या तळाशी मात्र एकच सूत्र आहे: घाट कसा उतरायचा हे बाप पोराला शिकवतो, आणि शिकवतोय हे त्याला कळू देत नाही. टोफूवाला बुन्ता फुजिवारा आपल्या मुलाला, ताकुमीला, सातवीत असल्यापासून पहाटे गाडी देऊन डोंगरावरच्या हॉटेलात टोफू पोचवायला पाठवतो. बुन्ता तरुणपणी काय होता हे ताकुमीला बापाच्या तोंडून कळत नाही. ते कळतं बापाचा जुना दोस्त, पेट्रोल पंपवाला युइची याच्याकडून. आई कथेत कुठेच येत नाही आणि ती का नाही याचं कारणही शिगेनो देत नाहीत.

मालिकेतले बहुतेक घाट खरे आहेत आणि खऱ्याच नावांनी येतात. फक्त हारुनाचं 'आकिना' झालंय. पुढचा मार्ग याच सूत्राच्या मागोमाग आखलेला आहे. सगळा प्रवास कायद्याच्या वेगात करायचा आहे आणि वाचलेलं बहुतेक सगळं त्या वेगातही कळतं.

निघण्याआधी

भारत १९४९ च्या जिनिव्हा करारात आहे, त्यामुळे आपल्या आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना जपानमध्ये चालतो. अर्ज ४ए भरायचा, सोबत पासपोर्ट, व्हिसा आणि मूळ लायसन्स. परवान्याची मुदत एक वर्ष असते. जपानमध्ये उतरल्यापासून एक वर्ष किंवा परवान्याची मुदत, यातलं जे आधी संपेल तोवर गाडी चालवता येते. गाडी घेताना परवान्याची मूळ पुस्तिका, भारतातलं मूळ लायसन्स आणि पासपोर्ट हे तिन्ही हातात लागतात. फोनमधला फोटो चालत नाही. पुस्तिकेवर १९४९ चा उल्लेख आहे ना, हे आरटीओतून बाहेर पडण्याआधीच बघून घ्यावं.

महिना निवडताना मेचा मध्य ते जून किंवा ऑक्टोबर बघावा. डिसेंबरअखेर ते एप्रिलअखेर या मार्गावरची कोनसेई खिंड बर्फामुळे बंद असते आणि आकागीचा उत्तरेकडचा रस्ताही हिवाळ्यात बंद होतो. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात इरोहाझाकावर पानगळ बघणाऱ्यांची इतकी गर्दी होते की घाटाचा वाहनतळ होतो. तेव्हा तिथे मधल्या वारी आणि सकाळी लवकरच जावं.

दिवस पहिला: ताकासाकी, योशिओका, इकाहो

तोक्योहून शिन्कान्सेन या बुलेट ट्रेनने ताकासाकी सुमारे पन्नास मिनिटं. भाड्याची गाडी इथे घ्यावी, तोक्योत नको. शहरातली रहदारी आणि टोल दोन्ही वाचतात.

दोघांसाठी १३०० सीसीच्या आसपासची छोटी हॅचबॅक पुरते. ६६० सीसीची केई गाडी स्वस्त पडते, पण चौघं आणि सामान घेऊन आकागी चढताना इंजिन सतत ओरडत राहतं. ऑटोमॅटिक असेल तर गिअरच्या दांड्यावर 'एस', 'बी' किंवा 'एल' अशी इंजिन-ब्रेकची (इंजिननेच वेग आवरण्याची) जागा आहे का, हे आधीच विचारावं. सात दिवसांतले पाच दिवस उताराचे आहेत आणि ही जागा नसेल तर सगळा भार ब्रेकवर पडतो. मॅन्युअल किंवा स्पोर्ट्स गाडी देणारे आहेत, पण त्यांच्या वयाच्या, अनामत रकमेच्या आणि विम्याच्या अटी वेगळ्या असतात. ईटीसी कार्ड मागून घ्यावं, टोलनाक्यावर थांबावं लागत नाही. नेव्हिगेशनमध्ये जपानी पत्ता टाकण्याच्या खटपटीत पडू नये, ठिकाणाचा फोन नंबर टाकला की बहुतेक यंत्रं जागा शोधतात.

रस्त्याची डावी बाजू आपलीच, त्यामुळे सवय मोडावी लागत नाही. इंडिकेटरचा दांडा उजव्या हाताला असतो. युरोपीय गाडी चालवणाऱ्यांचे पहिल्या दिवशी वायपर चालू होतात. लाल उलट्या त्रिकोणाची पाटी दिसली की चाकं पूर्ण थांबवायची, रेल्वे फाटकावरही तसंच. लाल सिग्नलला डावीकडे वळायची मुभा नाही. पंपावर लाल नळी साध्या पेट्रोलची, पिवळी हाय-ऑक्टेनची, हिरवी डिझेलची. छोट्या गाडीत हिरवी नळी गेली तर सहल तिथेच संपते.

पहिला थांबा योशिओका गावातलं खेळणी, बाहुल्या आणि मोटारगाड्यांचं संग्रहालय. फुजिवारा टोफू दुकानाचं मूळ शिबुकावातल्या फुजिनोया या खऱ्या दुकानात होतं. २००५ च्या सिनेमासाठी त्यावर फुजिवारांची पाटी चढली, पुढे ती इमारत पाडली गेली आणि दुकानाचा दर्शनी भाग या संग्रहालयात उभा राहिला. समोर ताकुमीच्या गाडीसारखी पांढरी-काळी टोयोटा स्प्रिंटर ट्रुएनो. गाडीच्या दारावर दुकानाचं नाव आणि 'घरगुती वापरासाठी' अशी अक्षरं आहेत. ती अक्षरं वाचल्यावर मालिकेतला मुख्य ताण समजतो: ही गाडी शर्यतीसाठी घेतलेली नाही, धंद्याचं वाहन आहे.

गाडी नीट बघून घ्यावी. एई८६ हे सांकेतिक नाव, उत्पादन १९८३ ते १९८७. १५८७ सीसीचं ४ए-जीई इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, मागे अखंड ॲक्सल, वजन टनापेक्षा कमी. ट्रुएनोचे दिवे उघडझाप करणारे, तिच्या जुळ्या लेव्हिनचे स्थिर. आजच्या मोजमापात ही गाडी अजिबात वेगवान नाही. हलकं नाक आणि मागची ओढ यामुळे ती उतारावर चालवणाऱ्याचं ऐकते, बस.

मुक्काम इकाहोला. ३६५ दगडी पायऱ्या आणि लोहामुळे तपकिरी झालेलं गरम पाणी. शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावं की जवळच्या मिझुसावाच्या प्रसिद्ध उडोन शेवयांसोबतच्या रसात बहुधा मासळीचा अर्क असतो, टोफूच्या सूपमध्येही तेच. नुसता थंड टोफू मागवला तरी वरचे मासळीचे काप काढून आणायला सांगावे लागतात. शिबुकावाच्या रस्त्यांवर मालिकेची चित्रं असलेली ड्रेनेजची झाकणं आहेत, ती संध्याकाळी चालत बघता येतात.

दिवस दुसरा: हारुना

पहाटे उजाडताच निघावं. राज्यमार्ग ३३ इकाहोतून वर चढतो, यासेओने खिंड ओलांडतो आणि हारुना सरोवरापाशी पोचतो. सरोवर १,०८४ मीटरवर आहे, शेजारी १,३९० मीटरचा हारुना-फुजी. टोफूचा रस्ता हाच.

इथे चढ-उतार दोन्ही दिशांनी किमान दोनदा करावा, कारण मालिकेतलं शिक्षण या दोन दिशांच्या फरकात आहे. वर जाताना गाडीत टोफू आणि पाणी, म्हणजे मागे वजन. धक्का बसला की माल फुटला. उतरताना गाडी रिकामी, नाक जड, मागची चाकं हलकी. ताकुमी वर्षानुवर्षं रोज एकाच फेरीत एकाच गाडीच्या दोन वेगळ्या स्वभावांशी जुळवून घेतो. बुन्ताने कागदी कपात पाणी भरून गाडीत ठेवलं आणि ते सांडता कामा नये एवढंच सांगितलं.

हा कप करून बघण्यासारखा आहे. गाडी चालवणाऱ्याने त्याकडे बघू नये, शेजारच्याने नजर ठेवावी. सात सेंटिमीटर व्यासाचा कागदी कप घ्या आणि काठाखाली दीड सेंटिमीटर सोडून पाणी भरा. वळणात पाण्याचा पृष्ठभाग कलतो, तो बाजूच्या ओढीच्या प्रमाणात. या कपात पाणी काठाला टेकायला गुरुत्वाच्या सुमारे ०.४३ पट ओढ लागते. पंधरा मीटर त्रिज्येच्या हेअरपिनमध्ये, म्हणजे जवळजवळ उलटं फिरणाऱ्या वळणात, ताशी २५ किलोमीटरला ओढ असते ०.३३ पट, म्हणजे पाणी आत राहतं. ताशी ३० ला ती ०.४७ होते आणि पाणी सांडतं. फक्त पाच किलोमीटरचा फरक.

पण ताशी २५ लाही बहुतेकांचं पाणी सांडतं, आणि त्याचं कारण वेगात नाही. स्टिअरिंग एकदम फिरवलं की पाणी झोका घेतं आणि आपल्या स्थिर पातळीच्या जवळजवळ दुप्पट वर चढतं. ब्रेक एकदम सोडला तरी हेच. मग करायचं काय? ब्रेक वळणाआधी सरळ रस्त्यावर सुरू करायचा. वळायला लागताना तो हळूहळू सोडत जायचं, तेवढ्याच गतीने स्टिअरिंग वाढवायचं. वळणाच्या मध्यावर हात स्थिर. बाहेर पडताना स्टिअरिंग जसं सुटेल तसा ॲक्सिलरेटर. ओढ हळू वाढली की पाणी कलतं, झोका घेत नाही. अर्धा कप भरून बघितला तर गंमत कळते: आठ सेंटिमीटर उंच कपात काठापर्यंत चार सेंटिमीटर उरतात आणि हिशोबाने गुरुत्वाएवढी ओढ लागली तरी पाणी बाहेर येत नाही. साधे टायर त्याच्या आधीच घसरतील. म्हणजे टायरची सगळी पकड वापरूनही पाणी न सांडता उतरणं शक्य आहे, हात मऊ असतील तर. शिगेनोंनी बापाच्या हातात हे साधन दिलं. मालिकेतली सगळ्यात अचूक गोष्ट हीच आहे, असं आमचं ठाम मत आहे.

पाच सलग हेअरपिन लागतात तिथे गाडी थांबवू नये, वरच्या किंवा खालच्या मोकळ्या जागेत लावून पायी यावं. रस्त्याच्या आतल्या कडेला पाण्याची गटारं आहेत. ताकुमी आतली चाकं या गटारात उतरवून वळण घेतो. तत्त्व खरं आहे. टायरची बाजू गटाराच्या काँक्रीट भिंतीला टेकते आणि गाडीला बाहेर ढकलणारा जोर पकडीऐवजी भिंत पेलते. प्रत्यक्षात करू नये, कारण पहिला फटका टायरच्या बाजूच्या भिंतीला बसतो, तीच सगळ्यात पातळ असते. मग रिमची कड वाकते. मग खालचा सस्पेन्शन आर्म. गटारात पाला असला की खोली दिसत नाही आणि काही ठिकाणी मध्येच झाकण किंवा जाळी येते. तिथे चाक वर उसळतं आणि गाडी पलीकडच्या लेनमध्ये फेकली जाते.

वळणांवर रस्त्याला आडवे उंचवटे बसवले आहेत, मालिका वाचून घसरगुंडी करायला येणाऱ्यांना आवरण्यासाठी. वेगात आलात तर गाडी वळणाच्या ऐन मध्यावर उडते. शिवाय जपानच्या वाहतूक कायद्यात दोन किंवा अधिक गाड्यांनी मिळून धोकादायकपणे गाडी चालवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड. पहाटे इथे लोक खरोखर कामाला निघालेले असतात. त्यांना वाट द्यावी.

दुपारी सरोवराच्या पलीकडे, दक्षिण उतारावर हारुनाचं प्राचीन देवस्थान आहे, सुळक्यांना टेकून बांधलेलं. दोन तास ठेवावेत. परत इकाहो.

दिवस तिसरा: म्योगी आणि उसुई

राज्यमार्ग ३३ तसाच पश्चिमेला मात्सुइदाकडे उतरतो. म्योगीचे सुळके दुरूनच दिसतात. उंची १,१०४ मीटर, पण डोंगर करवतीसारखा उभा. घाटरस्ता अरुंद, झाडांनी झाकलेला, खालचा डांबर बराच वेळ ओला.

म्योगीच्या टोळीतला शिंगो उजवा हात स्टिअरिंगला चिकटपट्टीने बांधून उतरायची शर्यत लावतो. हात बांधला की स्टिअरिंग अर्ध्या फेऱ्याच्या पलीकडे पटकन फिरत नाही. त्याची सिव्हिक पुढच्या चाकांनी ओढणारी, तिला घसरल्यावर उलटं स्टिअरिंग फारसं लागत नाही. मागच्या चाकांच्या ट्रुएनोला लागतं. म्हणून डाव उघड शिंगोच्या बाजूचा. ताकुमी त्यातून सुटतो तो स्टिअरिंग कमी वापरून, गाडीचा रोख ब्रेक आणि ॲक्सिलरेटरने बदलून. कपाचं शिक्षण इथे कामाला येतं, आणि बापाने ते कशासाठी दिलं होतं हे पोराला अजूनही माहीत नसतं. म्योगीचाच नाकाझातो स्कायलाइन जीटी-आर आर३२ चालवतो. ताकद दुपटीहून जास्त, पण नाक जड, त्यामुळे लांब उतारावर पुढचे टायर तापून गाडी वळणाबाहेर सरकायला लागते. भाड्याची कुठलीही पुढच्या चाकांची गाडी घाईत उतरवली तर हीच तक्रार करते. उपाय एकच, वळणात शिरायचा वेग कमी करणं. स्टिअरिंग आणखी फिरवल्याने टायर जास्त घासतो, वळत नाही.

जेवण योकोकावा स्टेशनवर. ओगिनोया यांचं 'तोगे नो कामामेशी' १९५८ पासून मातीच्या भांड्यात मिळतं: भात, कोंबडी, लाव्याचं अंडं, चेस्टनट, जर्दाळू, शिताके अळंबी. भांडं घरी नेता येतं. शाकाहाऱ्यांसाठी यात पर्याय नाही, सोबत काही ठेवावं.

उसुईचा जुना रस्ता, राष्ट्रीय मार्ग १८ ची जुनी वाट, साकामोतोपासून कारुइझावापर्यंत १८४ वळणं. प्रत्येकाला क्रमांकाची पाटी आहे, खालून वर. घाट आपल्या बोरघाटासारखा एकाच अंगाला उतरतो. वर पोचलं की पलीकडे उतार नाही, सरळ पठार. त्यामुळे चढताना इंजिन तापतं आणि विसावा मिळत नाही. वरच्या सपाटीवर दोन मिनिटं हळू चालवून मगच बंद करावं.

मालिकेत इथे माको आणि सायुकी या दोघी आहेत. एक चालवते, दुसरी शेजारी बसून वळणं सांगते. गाडी 'सिलएटी', म्हणजे निसान १८०एसएक्सला सिल्व्हियाचं नाक. या जोडणीमागे व्यवहार आहे: १८०एसएक्सचे उघडझाप करणारे दिवे आणि त्यांची यंत्रणा धडकेत फुटली की दुरुस्ती महाग, सिल्व्हियाचे स्थिर दिव्यांचे भाग स्वस्त आणि बसतात. सी-१२१ हे वळण माको वेग न सोडता घेते. उतरताना ते वरच्या टप्प्यात येतं, पाटी डावी-उजवीकडे शोधत बसू नये, शेजारच्याने मोजत यावं. वळणं एकामागून एक इतकी जवळ आहेत की एकाचा शेवट हीच पुढच्याची सुरुवात. एक वळण बाहेर वाहून घेतलं की पुढची तीन चुकतात. प्रसिद्ध ड्रायव्हर केइइची त्सुचिया याच घाटात घडले आणि मालिकेच्या ॲनिमेसाठी (चलचित्र रूपासाठी) त्यांनी तांत्रिक मार्गदर्शन केलं. त्यामुळे ॲनिमेतल्या उसुईच्या गाड्या खऱ्यासारख्या झुकतात.

वाटेत विटांचा चार कमानींचा रेल्वे पूल, १८९२ चा, ३१ मीटर उंच. १८९३ ते १९६३ या काळात दातेरी रुळाची गाडी यावरून चढत होती. पुलावर आता चालत जाता येतं. गाडी वाहनतळातच लावावी, वळणावर नाही. मुक्काम कारुइझावा.

दिवस चौथा: आकागी

महामार्गाने माएबाशी, मग राज्यमार्ग ४ ने वर. रस्ता रुंद, वळणं मोठी, वेग नकळत वाढतो. वर ओनुमा सरोवर १,३४५ मीटरवर, काठाशी लाल पूल आणि देवस्थान. ताकाहाशी बंधूंचा हा डोंगर. थोरला र्‍योसुके हिशोबी, धाकटा केइसुके तडफदार, दोघंही माझ्दा आरएक्स-७ चालवणारे.

आमच्या मते वारशाच्या दृष्टीने मालिकेतला सगळ्यात मोलाचा प्रसंग आकागीवर घडतो. प्रतिस्पर्धी सुदो क्योइचीच्या लान्सर इव्हो-३ मागे धावताना ट्रुएनोचं इंजिन फुटतं. जुन्या ४ए-जीईची लाल रेषा, म्हणजे वेगाची मर्यादा, मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांच्या आसपास. उतारावर खालचा गिअर घाईने टाकला की चाकं इंजिनाला त्यापलीकडे ओढतात आणि कनेक्टिंग रॉड ते सहन करत नाही. ॲक्सिलरेटर सोडलेला असतानाही हे होतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. भाड्याच्या ऑटोमॅटिकमध्ये संगणक अडवतो, मॅन्युअलमध्ये कोणी अडवत नाही.

बुन्ताने नवं इंजिन आधीच मिळवून ठेवलेलं असतं: एई१०१ या नंतरच्या पिढीच्या गाडीचं, शर्यतीच्या ग्रुप-ए प्रकाराचं, ११,००० फेऱ्यांपर्यंत जाणारं. जुनं इंजिन संपत आलंय हे बापाला दिसत होतं. तरी त्याने पोराला अडवलं नाही. नवं इंजिन बसवतो तेव्हाही तेवढ्या फेऱ्या दाखवणारं मीटर लावून देत नाही. ताकुमीला गाडी मंद वाटते, कारण तो जुन्या सवयीने लवकर गिअर बदलतो. कुठे चुकतंय ते त्याला बाहेरच्या माणसाकडून कळतं. बापाने उत्तर हातात दिलं नाही.

उत्तरेच्या रस्त्याने नुमाता. मुक्काम तिथे किंवा पुढे काताशिनाच्या बाजूला.

दिवस पाचवा: कोनसेई, इरोहाझाका

टाकी नुमातातच भरावी, वर पंप विरळ आहेत. मार्ग १२० कोनसेईच्या बोगद्यातून, साधारण १,८४० मीटरवरून, निक्को राष्ट्रीय उद्यानात शिरतो. पुढे युमोतो, सेन्जोगाहाराची दलदल, मग १,२६९ मीटरवरचं चुझेन्जी सरोवर.

इरोहाझाका हे दोन वेगळे एकमार्गी रस्ते आहेत. १९६५ चा दुसरा रस्ता फक्त चढायला, २० वळणं. पहिला फक्त उतरायला, २८ वळणं. मिळून ४८, प्रत्येक वळणाला जुन्या इरोहा कवितेच्या क्रमाने एकेक अक्षर. चढताना 'इ' पासून 'ने' पर्यंत, उतरताना 'ना' पासून 'न्' पर्यंत. कोनसेईकडून आलेला माणूस आधी उतारच करतो. म्हणून खाली जाऊन, दुसऱ्या रस्त्याने वर येऊन, ९७ मीटरचा केगोन धबधबा बघून पुन्हा उतरावं. अर्ध्यात मागे वळता येत नाही हे लक्षात घेऊनच शिरावं.

इथल्या काई कोगाशिवाचा बाप बुन्ताचा जुना प्रतिस्पर्धी. दोन बापांचा अपुरा राहिलेला हिशोब दोन मुलांच्या हाती येतो, काईला त्याची जाणीव आहे, ताकुमीला जवळपास नाही. काई एमआर२ घेऊन हेअरपिनच्या आतल्या कोपऱ्यावरून खालच्या रस्त्यावर उडी घेतो. जागेवर उभं राहिलं की कळतं की उंचीचा फरक वाचताना वाटला त्याहून मोठा आहे आणि आज तिथे कठडा आणि दगड आहेत. एमआर२ चं इंजिन मध्यभागी, वजन मागे, त्यामुळे हवेत नाक फार खाली जात नाही. पुढे इंजिन असलेली गाडी नाकावर पडेल. शेवटी काईची गाडी पाचोळ्यावर घसरते. ऑक्टोबरात इथे फिरलात तर ते पटेल: कडेला साचलेला ओला पाला टायरखाली आला की ब्रेकचा उपयोग निम्म्यावर येतो. उतरताना आपल्या लेनच्या मध्यावर रहावं, कडेला नको. माकडं रस्त्यावर येतात. काचा बंद, खाणं झाकलेलं.

दिवस सहावा: निक्को ते ओदावारा

अडीचशे किलोमीटरच्या आसपास, सगळा महामार्ग, तोक्योला बाहेरून वळसा घालणाऱ्या केन-ओ मार्गाने. जेवण धरून अर्धा दिवस. सकाळी टायरच्या बाहेरच्या कडा बघाव्यात. चार दिवसांच्या हेअरपिनांनी पुढच्या टायरांच्या कडा कातरल्यासारख्या झाल्या असतील तर हवा कमी आहे; दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत लिहिल्याप्रमाणे थंड टायरमध्ये भरावी. एई८६ अजून जपणाऱ्यांसाठी एक बातमी सांगण्यासारखी: टोयोटाने २०२१ मध्ये या गाडीचे स्टिअरिंग नकल आर्म, मागचे ब्रेक कॅलिपर आणि मागचे ॲक्सल शाफ्ट पुन्हा बनवायचं जाहीर केलं. हे भाग मिळाले नाहीत की बाकी सुस्थितीतली गाडी उभी राहते.

दिवस सातवा: हाकोने, त्सुबाकी लाइन

ओदावाराच्या हायाकावाकडून टोल भरून हाकोने टर्नपाइक. १९६५ मध्ये सुरू झालेला खासगी रस्ता, सलग चढ, वर दाइकान्झान १,०११ मीटरवर. समोर फुजी, खाली आशी सरोवर. पहाटे आणि पावसानंतर धुकं इतकं दाट येतं की पुढच्या वळणाची पाटी दिसत नाही. समोरचे दिवे डिप करावेत. हाय बीमचा उजेड धुक्यावरून आपल्याच डोळ्यांत येतो.

हा सगळा परिसर शिगेनोंच्या पुढच्या मालिकेचा, 'एमएफ घोस्ट'चा, जी २०१७ मध्ये सुरू झाली. काळ नजीकच्या भविष्यातला. ज्वालामुखीच्या भीतीने हाकोने रिकामं झालंय आणि तिथल्या रस्त्यांवर अधिकृत शर्यती होतात. कल्पना हवेतली नाही, ओवाकुदानीत २०१५ मध्ये छोटा उद्रेक झाला होता. शर्यतीचा मुख्य नियम असा की ताकदीला मर्यादा नाही, पण टायरची रुंदी गाडीच्या वजनाशी बांधलेली. या मालिकेचा नायक कानाता ब्रिटनहून येतो, कमी ताकदीची टोयोटा ८६ चालवतो, आणि आपलं नाव रिव्हिंग्टन असताना बेपत्ता बापाचं 'कातागिरी' हे आडनाव लावून उतरतो, बापाने कुठे तरी ते वाचावं म्हणून. त्याला गाडी शिकवली ताकुमीने. आधीच्या मालिकेत बापाकडून मुलाकडे आलेलं इथे रक्ताबाहेर गेलंय, आणि हे पुढचं पाऊल आम्हाला जास्त भावतं.

दाइकान्झानहून राज्यमार्ग ७५, त्सुबाकी लाइन, युगावाराकडे समुद्रापर्यंत उतरते. 'इनिशिअल डी'ची शेवटची शर्यत इथली. समोर शिंजी इनुइ, तोही एई८६ चालवणारा, लहानपणापासून आईला शेजारी बसवून याच रस्त्यावर गाडी चालवत आलेला. ताकुमी बापामुळे घडला, शिंजी आईमुळे, आणि दोघांनाही आपण काही शिकत होतो हे माहीत नव्हतं. ताकुमीच्या ट्रुएनोचं इंजिन पुन्हा जातं आणि ती फिरून उलट्या तोंडाने रेषा ओलांडते.

उतार जवळजवळ हजार मीटरचा. दोन माणसांसह बाराशे किलोची गाडी एवढी उतरली की सुमारे १.२ कोटी जूल ऊर्जा कुठे तरी जिरवावी लागते. सगळी ब्रेकवर टाकली तर तेल उकळतं. डॉट ४ प्रतीच्या नव्या ब्रेक तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ओलावा शोषलेल्या जुन्याचा १५५ पर्यंत उतरतो. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही, म्हणून पेडल स्पंजासारखं होऊन तळाला जातं. त्याआधी जळका वास येतो. वास आला की खालचा गिअर, मोकळी जागा बघून थांबायचं, वीस मिनिटं बॉनेट न उघडता उभं रहायचं. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकते. हँडब्रेकऐवजी 'पी' किंवा पहिला गिअर टाकून चाकाखाली दगड लावावा. हे टाळायचं तर दाइकान्झान सोडतानाच 'बी' किंवा 'एल'मध्ये टाकावं आणि ब्रेक सतत टेकवून न ठेवता थोडा जोराने दाबून पूर्ण सोडावा, मधल्या वेळात त्याला वारा लागतो. झाडीतल्या ओल्या वळणांवर शेवाळ असतं, तिथे फक्त स्टिअरिंग.

खाली युगावारात गरम पाण्याची ठिकाणं आहेत आणि तिथून ओदावारा किनाऱ्याने जवळ. गाडी परत करायच्या दुकानाजवळच्या पंपावर टाकी काठोकाठ भरून पावती घ्यावी, ती दाखवावी लागते. रिमच्या कडा देण्याआधी आपणच तपासाव्यात, चारही.